तुमच्या गाडीचा नंबर दुसऱ्या कोणी लावला तर? नंबर प्लेट क्लोनिंग, चेसिस नंबर आणि आरसीची संपूर्ण माहिती

समजा, तुमची गाडी दिवसभर सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी आहे आणि संध्याकाळी मोबाइलवर मेसेज येतो, "आपल्या वाहनावर ई-चलन जारी करण्यात आले आहे." ठिकाण असं, की तिथे तुम्ही आयुष्यात कधी गेलेला नाही. पहिला विचार येतो की सिस्टिमची काहीतरी गडबड असेल. पण अनेकदा गडबड सिस्टिमची नसते. तुमचा नंबर लावून दुसरीच गाडी फिरत असते.

हे कोणाच्याही बाबतीत होऊ शकतं. जानेवारी २०२१ मध्ये मुंबईत रतन टाटा यांच्या गाडीच्या नंबरावर ई-चलनं येत होती. ज्या ठिकाणची चलनं होती, तिथे त्यांची गाडी गेलीच नव्हती. पोलिसांनी सीसीटीव्ही तपासले तेव्हा कळलं की तोच नंबर दुसऱ्या एका महागड्या गाडीवर लावलेला आहे. कारण काय, तर अंकशास्त्रानुसार तो नंबर "लकी" होता!

दुसरं उदाहरण जानेवारी २०२५ चं. मुंबईत ताज हॉटेलच्या परिसरात एकाच नंबरच्या दोन अर्टिगा गाड्या सापडल्या. खऱ्या नंबरच्या मालकाला आधीपासून न केलेल्या गुन्ह्यांची चलनं येत होती. तपासात समोर आलं की दुसऱ्या गाडीचे कर्जाचे हप्ते थकले होते आणि वसुलीवाल्यांना चुकवण्यासाठी नंबरातल्या ३ चा ८ केला होता.

दोन्ही प्रकरणांत नंबर लावणाऱ्याचं खऱ्या मालकाशी काही वैर नव्हतं. एकाला शुभ अंक हवा होता, दुसऱ्याला वसुलीवाले टाळायचे होते. त्रास मात्र तिसऱ्याला झाला. आजच्या लेखात आपण बघणार आहोत की गाडीची ओळख नेमकी कशाने ठरते, ती चोरली कशी जाते आणि सरकारी नोंदीत तुमची माहिती बरोबर असणं का गरजेचं आहे.

गाडीची खरी ओळख कोणती?

मी हे समजवताना नेहमी मोबाइलचं उदाहरण देतो. फोनमध्ये सिम कार्ड असतं आणि फोनचा स्वतःचा आयएमईआय नंबर असतो. सिम बदलता येतं, आयएमईआय फोनसोबतच राहतो. गाडीचंही तसंच आहे.

- रजिस्ट्रेशन नंबर, म्हणजे प्लेटवरचा एमएच वगैरे नंबर. हा सिमसारखा. आरटीओ देतं, सगळ्यांना दिसतो.
- चेसिस नंबर. हा आयएमईआयसारखा. कारखान्यातच गाडीच्या सांगाड्यावर पंच केलेला असतो.
- इंजिन नंबर. इंजिनच्या ब्लॉकवर कोरलेला असतो.
- आरसी, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्र. वरचे तिन्ही नंबर आणि मालकाचं नाव एकत्र बांधणारा कागद.

ही सगळी माहिती "वाहन" नावाच्या सरकारी डेटाबेसमध्ये असते. पोलिसांचं मशिन, विमा कंपनी, पीयूसी सेंटर, एमपरिवहन ॲप, सगळे तिथेच बघतात. म्हणून प्लेटपेक्षा ही नोंद महत्त्वाची. प्लेट नाक्यावरचा पेंटरही रंगवून देईल, पण डेटाबेसमधली नोंद त्याला बदलता येत नाही.

चेसिस नंबर कसा वाचायचा?

आजकालच्या गाड्यांचा चेसिस नंबर १७ अक्षर-अंकांचा असतो. यालाच व्हीआयएन म्हणतात. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरत नाहीत, कारण ती १ आणि ० सारखी दिसतात. त्यामुळे एखाद्या चेसिस नंबरात ओ दिसला तर तिथेच थांबा.

पहिली तीन अक्षरं कंपनी सांगतात. उदाहरणार्थ, एमए३ म्हणजे मारुती सुझुकी, एमएटी म्हणजे टाटा मोटर्स, एमडी२ म्हणजे बजाज ऑटो, एमबीएल म्हणजे हिरो मोटोकॉर्प. समोर बजाजची बाइक आहे आणि चेसिस नंबर भलत्याच अक्षरांनी सुरू होतोय, तर प्रश्न विचारायलाच हवा.

बाइकवर हा नंबर बहुतेक वेळा हँडलच्या खाली, फ्रेमच्या मानेवर असतो. कारमध्ये मॉडेलनुसार जागा बदलते. कुठे बॉनेटखाली मागच्या पत्र्यावर, कुठे पुढच्या सीटखाली कार्पेटच्या आत. नेमकी जागा गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेली असते.

ओळख चोरायचे चार मार्ग

१. प्लेट क्लोनिंग. सगळ्यात सोपा प्रकार. त्याच मॉडेलची, त्याच रंगाची गाडी शोधायची आणि तिचा नंबर आपल्या गाडीवर लावायचा. सिग्नल तोडला, टोल चुकवला, कोणाला ठोकर मारून पळाला, तरी कॅमेऱ्यात नंबर तुमचा दिसतो.

२. चेसिस बदलणं. हा चोरांच्या टोळ्यांचा धंदा. अपघातात पूर्ण निकामी झालेली गाडी भंगारात स्वस्तात घेतात. त्यांना गाडी नको असते, तिचे कागद आणि चेसिस नंबर हवा असतो. मग तेच मॉडेल, तोच रंग असलेली गाडी चोरायची, तिचा मूळ नंबर घासून काढायचा आणि भंगारातल्या गाडीचा नंबर पंच करायचा किंवा पत्र्याचा तेवढा तुकडा कापून वेल्ड करायचा. आता ॲपवर तपासलं तर सगळं बरोबर दिसतं, कारण कागद खरेच असतात! खोटं असतं ते लोखंड.

हे रोखण्यासाठी कायद्यात सोय आहे. गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली तर मालकाने १४ दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर आरटीओला कळवून आरसी जमा करायची असते. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५५. भंगारवाल्याला गाडीसोबत आरसीही देऊन टाकली, तर त्या आरसीवर उद्या चोरीची गाडी धावू शकते.

३. कर्ज लपवून विक्री. गाडीवर कर्ज असेल तर आरसीवर फायनान्स कंपनीचं नाव असतं. खोटी एनओसी किंवा एडिट केलेली आरसी दाखवून गाडी विकली जाते. पैसे तुम्ही देता आणि काही महिन्यांनी गाडी उचलायला वसुलीवाले दारात येतात.

४. नावावर न करता विकणं. यात चोर कोणीच नसतो. कोऱ्या फॉर्मवर सही करून गाडी एजंटला दिली, त्याने पुढच्याला, त्याने आणखी पुढच्याला. गाडी चार हात फिरली, नाव मात्र तुमचंच. माझ्या मते चारांतला सगळ्यात जास्त दुर्लक्षित प्रकार हाच आहे. त्याबद्दल पुढे सविस्तर.

एचएसआरपी प्लेटने काय फरक पडतो?

१ एप्रिल २०१९ पासून नवीन गाड्यांना हाय सिक्युरिटी नंबर प्लेट कंपनीकडूनच बसवून येते. त्याआधीच्या गाड्यांनाही महाराष्ट्रात ती सक्तीची केली आहे. मुदत मात्र बऱ्याच वेळा वाढवली गेली. शुल्क दुचाकीसाठी ४५० रुपये, तीनचाकीसाठी ५०० आणि चारचाकीसाठी ७४५ रुपये, अधिक जीएसटी, असं ठरवण्यात आलं.

खरी एचएसआरपी अशी ओळखा:

- अ‍ॅल्युमिनियमची प्लेट, अंक उठावदार. वरून रंग लावून ३ चा ८ करणं जमत नाही.
- डाव्या वरच्या कोपऱ्यात अशोकचक्राचा २० बाय २० मिलिमीटरचा होलोग्राम.
- डावीकडे निळ्या रंगात आयएनडी ही अक्षरं.
- खाली डावीकडे लेझरने कोरलेला किमान १० अंकी नंबर. छापलेला नाही, कोरलेला.
- प्लेट न उघडणाऱ्या स्नॅप लॉकने बसवलेली. काढायची तर लॉक तोडावंच लागतं.

चारचाकीला याशिवाय काचेच्या आतून एक स्टिकर लागतो. पेट्रोल आणि सीएनजीसाठी फिकट निळा, डिझेलसाठी केशरी, बाकीच्यांसाठी राखाडी. त्यावर गाडीचा नंबर, प्लेटचा लेझर नंबर, इंजिन आणि चेसिस नंबर असतो. म्हणजे कोणी प्लेट बदलली तरी स्टिकरशी ताळमेळ लागत नाही.

एक सूचना: प्लेट बुक करताना गुगलवर वर आलेल्या जाहिरातीच्या लिंकवर क्लिक करू नका. बनावट बुकिंग साइट्सचे प्रकार उघड झाले आहेत. परिवहन विभागाच्या अधिकृत वेबसाइटवरून आत जा आणि आपल्या आरटीओचा कोड निवडा. प्लेट हरवली किंवा चोरीला गेली तर आधी पोलिसांत तक्रार द्या, मग नवीन मागवा. तक्रारीची ती प्रत उद्या तुमचाच पुरावा ठरते.

सेकंड हँड गाडी घेताना: आधी फोन, मग हात

*फोनवर काय बघायचं?*

1. एमपरिवहन ॲप किंवा परिवहन पोर्टलवर गाडीचा नंबर टाका. मालकाचं नाव पूर्ण दिसत नाही, काही अक्षरं लपवलेली असतात, पण विकणाऱ्याच्या आधार कार्डाशी जुळवण्याएवढी दिसतात. इंधन, मॉडेल, नोंदणीची तारीख, विमा, पीयूसी हेही जुळवा.
2. फायनान्सच्या रकान्यात बँकेचं नाव दिसतंय का? दिसत असेल तर ते आरटीओच्या नोंदीतून निघाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. त्यासाठी फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी लागते.
3. ब्लॅकलिस्टचा शेरा आणि थकलेली चलनं तपासा.
4. गाडी चोरीची आहे का हे बघायला एनसीआरबीची "वाहन समन्वय" सेवा वापरा. गाडीचा, चेसिसचा आणि इंजिनचा नंबर दिला की पोलिसांच्या नोंदीत ती चोरीची म्हणून आहे का ते कळतं आणि तसा दाखलाही मिळतो.

*हाताने काय बघायचं?*

गेल्या वर्षी मावसभावासाठी बाइक बघायला गेलो होतो. ॲपवर सगळं हिरवंगार. विकणाऱ्याने आरसी पुढे केली आणि म्हणाला, "चेसिस नंबर इथे लिहिलाय की." मी म्हटलं, कागदावरचा नको, लोखंडावरचा दाखवा. टॉर्च मारून बघितलं तर मानेवरची सगळी जागा नवीन काळ्या रंगाने माखलेली. बाकी फ्रेमवर ओरखडे, गंज, आणि नेमकं तेवढंच चकचकीत. मी रंग पुसून दाखवायला सांगितला, तो तयार झाला नाही. आम्ही चहाही न पिता निघालो. ती बाइक चोरीची होती असं मी म्हणत नाही. पण जो विक्रेता चेसिस नंबर दाखवत नाही, त्याच्याकडून गाडी घ्यायची नाही, एवढा साधा नियम आहे.

तुम्ही हे तपासा:

- अंक एका ओळीत, एकाच आकाराचे, सारख्या खोलीचे आहेत का?
- आजूबाजूला घासल्याच्या, वेल्डिंगच्या किंवा ताज्या रंगाच्या खुणा आहेत का?
- कागद ठेवून वरून पेन्सिल फिरवा. आरटीओच्या कामाला लागणारी चेसिस प्रिंट अशीच काढतात. डोळ्याला न दिसणारी गडबड प्रिंटमध्ये दिसते.
- कारच्या काचांवर उत्पादन वर्षाची खूण असते. सगळ्या काचा एका वर्षाच्या आणि एकच वेगळी, तर कारण विचारा.
- लोखंडावरून वाचलेला चेसिस नंबर घेऊन कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला जा आणि सर्व्हिसचा इतिहास विचारा. गाडीचा रंग, किलोमीटर, मोठा अपघात, बरंच काही बाहेर येतं.

घासलेला नंबर कायमचा गेला, असं चोरांना वाटतं. पण पंच मारताना धातूच्या आतला थरही दबलेला असतो. फॉरेन्सिक लॅबमध्ये तो भाग गुळगुळीत करून त्यावर रसायन लावतात. दबलेला भाग वेगळा दिसायला लागतो आणि जुना नंबर पुन्हा उमटतो. म्हणजे चोरीची गाडी घेतलीत तर ती वर्षांनीही पकडली जाऊ शकते आणि जप्त झाल्यावर तुमचे पैसे परत मिळतीलच असं नाही.

गाडी विकली, पण नाव तुमचंच?

कायद्यानुसार गाडीचा मालक म्हणजे ज्याच्या नावावर नोंदणी आहे तो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हेच स्पष्ट केलं. गाडी पुढे एकाकडून दुसऱ्याकडे विकत गेली होती, नोंदीत मात्र पहिल्याच मालकाचं नाव होतं. अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्या नोंदणीकृत मालकावरच आली. "मी तर कधीच विकली होती" हे म्हणणं चाललं नाही.

भरपाईची रक्कम लाखांत जाऊ शकते. विमा चालू नसेल तर ती खिशातून द्यावी लागते. पंधरा-वीस हजारांची जुनी स्कूटर विकताना हे कोणाच्याच डोक्यात नसतं.

म्हणून विकताना:

1. फॉर्म २९ आणि ३० पूर्ण भरा. कोऱ्या फॉर्मवर सही कधीच नको.
2. राज्यातल्या राज्यात विकली तर १४ दिवसांत आरटीओला कळवणं तुमची जबाबदारी आहे, दुसऱ्या राज्यात विकली तर ४५ दिवसांत. घेणाऱ्याला ३० दिवस असतात. दुसऱ्या राज्यासाठी एनओसी, म्हणजे फॉर्म २८, लागतो.
3. गाडी ताब्यात देताना तारीख, वेळ आणि किलोमीटर लिहून पावती करा. घेणाऱ्याचं ओळखपत्र घ्या.
4. डीलरला देत असाल तर तो आरटीओकडे अधिकृत आहे का विचारा. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार अधिकृत डीलरला गाडी दिल्याची सूचना फॉर्म २९सी मध्ये ऑनलाइन देता येते.
5. महिन्याभराने ॲपवर स्वतः तपासा की नाव बदललंय का. हे काम एजंटवर सोडू नका.

वाहन पोर्टलवर मोबाइल नंबर कोणाचा आहे?

हा प्रश्न मी ओळखीच्या सगळ्यांना विचारतो आणि निम्म्या जणांना उत्तर माहीत नसतं. अनेकदा गाडी घेताना शोरूमवाल्याचा किंवा एजंटचा नंबर टाकलेला असतो, किंवा वडिलांचा बंद पडलेला जुना नंबर. चलनाचे मेसेज आणि आरटीओच्या ऑनलाइन कामांचे ओटीपी याच नंबरवर जातात. म्हणजे तुमच्या नंबरावर कोणी धिंगाणा घालत असेल, तर ते तुम्हाला कळणारच नाही.

परिवहन पोर्टलवर मोबाइल नंबर अपडेट करायची सोय आहे. त्यासाठी चेसिस नंबर, इंजिन नंबर आणि नोंदणीची तारीख हाताशी ठेवा. पत्ता बदलला असेल तर तोही ३० दिवसांत कळवायचा असतो.

आणि यातूनच दुसरी गोष्ट लक्षात घ्या. एमपरिवहनमध्ये व्हर्च्युअल आरसी जोडतानाही चेसिस आणि इंजिन नंबरचे शेवटचे अंक विचारतात. म्हणजे हे नंबर पासवर्डसारखेच वापरले जातात. मग आरसीचा फोटो व्हॉट्सॲपवर कोणालाही का पाठवायचा? गाडी विकायची जाहिरात टाकताना फोटोतली प्लेट ब्लर करा. गाडी बघायला प्रत्यक्ष येईल त्यालाच कागद दाखवा.

चुकीचं चलन आलं तर काय करायचं?

1. लगेच भरून टाकू नका. रक्कम छोटी असली तरी भरलं म्हणजे गुन्हा मान्य केल्यासारखं होतं आणि क्लोन गाडी फिरतच राहते.
2. चलनातला फोटो डाउनलोड करून झूम करा. स्टिकर, बंपरवरचा ओरखडा, अलॉय व्हील, कॅरिअर, प्लेटवरचा फाँट. तुमच्या गाडीपेक्षा वेगळं काय आहे ते लिहून काढा.
3. स्वतःच्या गाडीचे चारही बाजूंनी फोटो काढा. प्लेट आणि चेसिस नंबरसुद्धा.
4. त्या वेळी गाडी कुठे होती याचे पुरावे गोळा करा: सोसायटी किंवा ऑफिसचं सीसीटीव्ही, फास्टॅगचे मेसेज, पेट्रोलची पावती, फोनमध्ये चालू असेल तर मॅप्सची टाइमलाइन. सीसीटीव्ही थोड्याच दिवसांत पुसलं जातं, त्यामुळे घाई करा.
5. महाराष्ट्रातलं चलन असेल तर महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलन पोर्टलवर किंवा ॲपवर तक्रार नोंदवा.
6. एकापेक्षा जास्त चलनं असतील किंवा फोटोत सरळ दुसरी गाडी दिसत असेल, तर जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. आरटीओलाही त्याची प्रत द्या.

सहावी पायरी बरेच जण आळसाने टाळतात. पण उद्या त्याच नंबरच्या गाडीने कोणाला उडवलं, तर तुमच्याकडे असलेली तारखेची पोच सगळ्यात जास्त बोलेल.

चलनाच्या नावाखाली येणाऱ्या फाइलपासून सावध

व्हॉट्सॲपवर "आपले चलन थकले आहे" असा मेसेज आणि सोबत एपीके फाइल आली, तर ती उघडू नका. एमपरिवहनच्या नावाची खोटी ॲप अशीच पसरवली जातात. ती तुमचे मेसेज वाचतात, म्हणजे बँकेचा ओटीपीही वाचतात. ॲप फक्त प्ले स्टोअर किंवा ॲप स्टोअरवरून घ्या, बनवणाऱ्याच्या जागी एनआयसीचं नाव बघा. वेबसाइटचा पत्ता जीओव्ही डॉट इनने संपतोय याची खात्री करा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*फोनमधली आरसी पोलिसांना चालते का?*
हो. डिजीलॉकर किंवा एमपरिवहन ॲपमधली आरसी २०१८ पासून मूळ कागदासारखीच ग्राह्य आहे. गॅलरीतला फोटो किंवा स्क्रीनशॉट मात्र नाही.

*मी महाराष्ट्राची गाडी बंगळूरला नेली आहे. नंबर बदलावा लागेल का?*
दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ गाडी ठेवली तर तिथे नवीन नोंदणी करावी लागते.

*विना नोंदणीची गाडी चालवली तर दंड किती?*
कलम १९२ नुसार पहिल्या वेळी २,००० ते ५,००० रुपये. पुन्हा सापडलात तर १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा एक वर्षापर्यंत तुरुंगवासही होऊ शकतो.

*मित्राच्या नावावरची गाडी मी वापरतो. चालेल ना?*
वापरायला हरकत नाही. पण तुम्ही ती विकत घेतली असेल तर नावावर करून घ्या. नाहीतर चलन त्याला, अपघाताची केस त्याला, आणि तुमच्या नुकसानीचा विमा क्लेम अडकणार तो वेगळाच.

तर मित्रांनो, आज घरी गेल्यावर एवढंच करा. टॉर्च घ्या, आपल्या गाडीचा चेसिस नंबर शोधा, त्याचा फोटो काढून ठेवा आणि आरसीवरच्या नंबरशी जुळवा. मग एमपरिवहन उघडून नाव आणि थकलेली चलनं तपासा आणि परिवहन पोर्टलवर मोबाइल नंबर आपलाच आहे ना ते बघा. पाचेक मिनिटांचं काम आहे. घरातल्या मोठ्यांच्या गाड्यांचंही बघून घ्या, कारण त्यांना हे ॲप उघडून दाखवणारं घरात बहुतेक तुम्हीच असता.